तुमच्या मनाला येईल ते

धम्मदीप ओव्हाळला वेबसाइटमधलं सगळं यायचं, फक्त तिची किंमत सांगता यायची नाही.

एरवी शिरूरमध्ये विचारायला आणि सांगायला कुणी लाजत नाही. एसटी स्टँडवर शेजारी टेकलेला अनोळखी गृहस्थ गाडी लागायच्या आत तुमचा पगार, तुमची जमीन, तुमच्या बायकोचं माहेर आणि दुसरं मूल का नाही, एवढं सगळं विचारून घेतो, आणि आपणही ते सांगून मोकळे होतो. पण केलेल्या कामाचे किती, असा प्रश्न निघाला की हीच मोकळीढाकळी माणसं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागतात. धम्मदीप यात सगळ्यांच्या पुढचा. समोरच्यानं “काय घ्याल?” म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि तोंडातून आपोआप बाहेर पडायचं, “तुमच्या मनाला येईल ते द्या.”

लोकांच्या मनाला फारसं काही येत नसे. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या मनाला आलं की धम्मदीपच्या मेहुण्याला फुकटात गाडी शिकवावी. मेहुणा नागपूरला राहत होता. एका क्लासवाल्या सरांच्या मनाला अजून काहीच आलेलं नव्हतं. ते रस्त्यात भेटले की नुसती मान हलवायचे, म्हणजे विचार चालू होता.

हे असं किती दिवस चालणार, हा प्रश्न करुणानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदाच काढला. ती रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी विभागात होती. धम्मदीपही शेजारच्या कंपनीत डिस्पॅचला होता, पण कंत्राट संपलं आणि तो घरी लॅपटॉपपुढे बसला. करुणानं भांडण केलं नाही. क्वालिटीतली माणसं भांडत नाहीत, नुसता माल बाजूला काढून ठेवतात. तिनं शांतपणे सांगितलं, की तिच्या कंपनीत डिस्पॅचची एक जागा दिवाळीनंतर निघणार आहे, ठेकेदाराला ती शब्द देऊन आली आहे, आणि तोपर्यंत या लॅपटॉपमधून एका तरी कामाचे सरळ पैसे निघाले तर तो शब्द ती परत घेईल. न निघाले तर सकाळच्या बसला दोघं बरोबर जातील.

धम्मदीपच्या आईला, पार्वतीबाईंना, दिवाळीच्या मुदतीशी काही देणंघेणं नव्हतं. आरोग्य खात्यात नर्स म्हणून जन्मभर वाड्यावस्त्यांवर सुया टोचत फिरलेली बाई. घर तिच्या पेन्शनवर तसंही चाललं असतं. तिचं दुखणं वेगळं होतं. तिला “मनाला येईल ते” हे शब्द कानाला सहन होत नसत. पोरगा फोनवर ते म्हणाला की ती हातातलं भांडं आपटायची. एकदा मात्र ती स्पष्टच बोलली.

“दिलं ते घ्यायचं तुझ्या आज्यानं घरातनं घालवलं. तू लॅपटॉपवर बसवून माघारी आणू नगंस.”

आजोबा म्हाळू हे घरात भिंतीवरच्या फोटोपुरते उरले होते. त्यांचा एक नियम मात्र अजून चालू होता: त्या घरात गूळ येत नसे. चहा साखरेचा, पोळी साखरेची. करुणाला लग्नानंतर कुणी कारण सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. सासूबाईंना साखर आवडते, असं ती धरून चालली होती.

आईचे शब्द लागले, आणि धम्मदीपनं दर ठरवायचं मनावर घेतलं. एखादी गोष्ट आपण मनावर घेतली आहे हे शेजाऱ्यांना कळू देऊ नये, एवढं साधं शहाणपण त्याच्याकडे नव्हतं. वरच्या मजल्यावर हरिबा आप्पा राहत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. धम्मदीपनं त्यांना सांगितलं, की परदेशात हे काम तासाच्या हिशेबानं घेतात. आप्पांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, की तू रेंगाळत काम केलंस तर तुला जास्त पैसे, आणि झटपट केलंस तर कमी? धम्मदीप म्हणाला, तसंच काहीसं. मग आमच्या लालपरीएवढं श्रीमंत या जिल्ह्यात कुणी असायला नको होतं, असं म्हणून आप्पांनी तासाचा विषय संपवला. त्यांचा स्वतःचा सिद्धांत सोपा होता. तिकीट आधी, प्रवास नंतर. उतरताना तिकीट मागणारा कंडक्टर घरी जाऊन कशानं भाकरी खाणार? भीड भिकेची बहीण असते, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं आणि आपल्या नातवाच्या बारशाची एक छोटीशी वेबसाइट करून मागितली, घरचंच काम म्हणून.

तळमजल्यावर ललिताचं ब्युटी पार्लर होतं. तिथं भिंतीवर दरपत्रक टांगलेलं, त्यामुळं तिला कधी काही बोलावंच लागत नसे; बाई आत आली की ती फक्त भिंतीकडे बोट करायची. तिनं सल्ला दिला, की तीन पॅकेजं करा, साधं, गोल्ड आणि ब्रायडल. धम्मदीपनं ती साधं, विशेष आणि सुवर्ण अशी केली, छान रंगीत छापली आणि एका मंगल कार्यालयवाल्याला दाखवली. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, सुवर्णमधल्या सगळ्या सोयींवर पेनानं खुणा केल्या आणि साध्याच्या दराभोवती गोल काढला. धम्मदीपनं चाचरत विचारलं, की हे कसं? त्यावर तो म्हणाला, खानावळीत रस्सा परत मागितला तर पैसे घेतात का? हे जादाचं पान म्हणजे रस्साच की. धम्मदीपला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, अंघोळ करताना, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

मग दौंडची एक पतसंस्था आली. मॅनेजर मोठे नियमाचे होते. वेबसाइट करायची आहे, काम तुम्हालाच द्यायचंय, पण नियमाप्रमाणं तीन कोटेशनं लागतात, तेवढी घेऊन या, असं ते म्हणाले. आता आपल्याकडे जन्मलेल्या कुणालाही याचा अर्थ कळतो. ज्याला काम मिळायचं असतं तोच तिन्ही कोटेशनं आणतो, आणि उरलेल्या दोनांत आकडा आपल्याहून मोठा राहील एवढी काळजी घेतो. कुत्र्याला भाकर दाखवावी इतका हा साधा व्यवहार. पण धम्मदीपला वाटलं, तीन कोटेशनं म्हणजे तीन कोटेशनं. कागदावर आकडा लिहायला त्याला जमलं, कारण कागद तोंडाकडे बघत नाही. दुसरं कोटेशन त्यानं ललिताकडून पार्लरच्या लेटरहेडवर घेतलं, त्यावर मॅनेजरनी काही शंका काढली नाही. तिसऱ्यासाठी तो दौंडातच मोनालीकडे गेला. ती त्याच्याच कोर्सला होती, तीही हेच काम करायची. त्यानं तिला सांगितलं, की तुला वाटेल तो खरा दर लिही. तिनं लिहिला. तो धम्मदीपच्या दराहून कमी होता, आणि खाली तिनं आपला फोन नंबर ठळक घातला होता. तो लखोटा धम्मदीपनं स्वतः नेऊन मॅनेजरच्या हातात ठेवला.

सगळ्यात कमी दराला काम, हाही नियमच होता. मोनालीनं फोन करून त्याचे आभार मानले आणि काही अडलं तर विचारीन म्हणाली. पुढं तिला दोनदा अडलं आणि तिनं दोनदा विचारलं. धम्मदीपनं सांगितलंही. तिच्यावर रागवावं असं त्याला फार वाटत होतं, पण रागवायलाही काहीतरी आधी ठरवून ठेवावं लागतं.

त्या दिवसांत तो घरात फारसा बोलत नसे. जेवताना करुणा कंपनीतलं काही सांगायची आणि तो भलत्याच ठिकाणी हो म्हणायचा. आपण काम वाईट करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग ते काम आपल्या हातात असताना एवढं स्वस्त का वाटतं, हे त्याला उमगत नव्हतं, आणि ते कुणाला विचारण्यासारखंही नव्हतं. शेवटी त्यानं मनाशी एक आकडा धरला. पंचवीस हजार. जास्त नाही, कमी नाही. आरशापुढं उभं राहून तो हा आकडा म्हणायचा. आरशातला माणूस दर वेळी आधी नजर खाली घालायचा.

गणपतीच्या आसपास बापूसाहेबांचा निरोप आला. खुटबावच्या शिवारात त्यांचं बारा महिने चालणारं गुऱ्हाळ होतं, ऊस स्वतःचा, शब्दाला वजन. सोसायटीत, देवळाच्या कमिटीत, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे बापूसाहेब. त्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याहून शिकून आला होता आणि आता गूळ परदेशी पाठवायचा म्हणत होता. त्याला वेबसाइट लागली. धम्मदीपनं घरी सांगितलं तेव्हा पार्वतीबाईंनी फक्त गाव कुठलं ते विचारलं. ओव्हाळ मूळचे त्याच शिवारातले. म्हाळू तिथून उठून शिरूरला आले त्याला जमाना झाला होता. निघताना पार्वतीबाईंनी मुलाला एवढंच सांगितलं, “सांगून ये.”

सांगून येण्याची पूर्ण तयारी करूनच तो गेला. चौफुल्यावर गाडीतून उतरला तेव्हाही आकडा जिभेवर होता. पण गुऱ्हाळावर माणूस गेला की तिथली एक रीत असते. आधी रस. रसाचा पेला रिकामा झाला की दुसरा, नाही म्हणायचं नसतं. मग काकवी, मग गरम गुळाचा खडा हातावर. चुलवाणाजवळ खाटेवर बापूसाहेब बसलेले. त्यांनी कुठले ओव्हाळ म्हणून विचारलं, त्यानं शिरूरचे म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मग बापूसाहेबांनी आपण होऊन विषय काढला, की पैशाचं काय ते आत्ताच सांगून टाका. एवढी सोन्यासारखी संधी. पण धम्मदीपच्या तोंडात नेमका गुळाचा खडा होता, चिकट, गरम, दातांना धरून बसलेला. तो गिळेपर्यंत आकडाही गिळला गेला आणि तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

बापूसाहेब खूश झाले. असं बोलणारी माणसं आता राहिली नाहीत, असं ते खाटेवर बसलेल्या सगळ्यांना म्हणाले. नंतर त्यांनी आणखी दोनदा विचारलं, एकदा फोनवर, एकदा भेटून. दोन्ही वेळा तोच प्रश्न, दोन्ही वेळा तेच उत्तर. हरिबा आप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, की असा प्रवासी तीस वर्षांत बघितला नाही. कंडक्टर तिकीट घ्या घ्या म्हणतोय आणि हा त्यालाच दराचं विचारतोय. आप्पांचं म्हणणं थोडं उलटसुलट झालं होतं, पण रोख कळत होता.

कामाचं म्हणाल तर ते बापूसाहेबांच्या मनाला येत गेलं. पहिल्या पानावर गूळ होता, तिथं बापूसाहेबांचा फोटो आला. दुसऱ्या पानावर ऊस होता, तिथं बापूसाहेब उसात उभे राहिले. मग त्यांच्या आईचा, पुतळाबाईंचा, फोटो हवा, त्यांच्या हातानं पहिली ढेप काढली जाते. मग तालुक्यातल्या मान्यवरांचे फोटो, मानाच्या क्रमानं. एकदा क्रम चुकला आणि विश्वजीतला बाराशे शब्दांचा समजुतीचा मेसेज लिहावा लागला. विश्वजीतची बायको स्नेहल तेवढी शहाणी; तिनं एकदा हळूच विचारलं, की यात गूळ विकत घ्यायचं बटण कुठे आहे? ते मान्यवरांच्या मागं गेलं होतं. धम्मदीपनं ते ओढून पुढं आणलं. रात्री डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. तरी वेबसाइट देखणी झाली, हे त्याचं त्याला कळत होतं आणि मनातून बरंही वाटत होतं.

उद्घाटन बापूसाहेबांनी दसऱ्याला ठेवलं. नव्या हंगामाच्या गळिताचा मुहूर्त आणि वेबसाइटचा मुहूर्त एकदमच. धम्मदीपच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी पार्वतीबाई पांढरी साडी नेसून विहारात जातात, आणि धम्मदीपही कधी चुकला नव्हता. दुसरा कुठला दिवस घ्या, असं बापूसाहेबांना सांगायला हवं होतं. त्यानं ते सांगितलं नाही, हे आता वेगळं सांगायला नको. आईनं साडीची घडी मोडली आणि एकटीच निघाली.

तिकडं गुऱ्हाळापुढं मांडव होता. लॅपटॉपला लाल रिबीन बांधली होती, आणि ती कापायला कात्री नव्हती म्हणून उसाचा कोयता आणला होता. लॅपटॉप धम्मदीपचा असल्यानं त्याचे डोळे कोयत्यावरून हलत नव्हते. रिबीन कापली, बटण दाबलं, तर नेटवर्क नाही. विश्वजीत फोन उंच धरून उसाच्या कडेनं पळाला, मग पडद्यावर आधी बापूसाहेब उमटले, टाळ्या पडल्या, आणि बऱ्याच वेळानं गूळ उमटला. सूत्रसंचालन करायला शाळेचे गुरुजी होते. त्यांनी माइक हातात घेऊन धम्मदीपला पुढं बोलावलं आणि जाहीर केलं, की आजच्या पैशाच्या युगात या तरुणानं हे सगळं काम विनामूल्य केलेलं आहे, केवळ गावावरच्या प्रेमापोटी. बापूसाहेबांनी स्वतः त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दुपारच्या उन्हात ती लोकरीची शाल पांघरून धम्मदीप गुळाच्या गणपतीसारखा स्टेजवर बसून राहिला. माइक त्याच्या पुढ्यातच होता. दोन शब्द बोला, असंही गुरुजी म्हणाले. तो दोनच शब्द बोलला, “आभारी आहे.”

फोटो त्याच्याआधी शिरूरला पोहोचला. संध्याकाळी ललितानं तिच्या मोबाइलवर तो पार्वतीबाईंना दाखवला. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले: एक तालीम, दोन तरुण मंडळं, आणि एक सद्गृहस्थ ज्यांना स्वतःच्या वाढदिवसाची वेबसाइट हवी होती. सगळ्यांनाच ती गावावरच्या प्रेमापोटी हवी होती. क्लासवाले सर भेटले तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. त्यांचा विचार संपलेला दिसला.

चार दिवसांनी विश्वजीतची पिकअप दारात थांबली. बापूसाहेबांच्या मनाला आलेलं आलं होतं. गुळाच्या ढेपा. गड्यांनी त्या वर आणून हॉलमध्ये एकावर एक रचल्या आणि पाणी पिऊन गेले. टीव्ही झाकला गेला. तासाभरात मुंग्यांची पहिली रांग खिडकीतून आली, दुसरी दाराखालून, आणि हरिबा आप्पा एक ढेप किती किलोची असते ते विचारायला आले. करुणा कामावरून आली, दारातच थांबली आणि तिनं सवयीनं आधी माल बघितला. गूळ चांगला होता, सोनेरी, एकदम एक नंबर. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पार्वतीबाई ढेपांसमोर खुर्ची ओढून बसल्या. मुलगा आणि सून दोघंही समोर असताना त्यांनी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली.

“तुझा आजा त्याच गुऱ्हाळावर जायचा. वरीसभर राबायचा, निरोप सांगायचा, मेलेलं ढोर वढायचा, आन् हंगामाला दारात उभा ऱ्हायचा. मालकाच्या मनाला येईल तेवढा गूळ पदरात. कवा ढेप, कवा खडा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आन् दुसऱ्या हंगामाला ती ढेप घेतली, त्यांच्या दारात ठिवली. म्हणाला, आता काम सांगा, दाम सांगतो. दाम कुणी इचारला न्हाई. मग तो शिरूरला आला, हमाली केली. पन दर सांगून केली. मेला तवर गूळ खाल्ला न्हाई.”

त्यांचा आवाज कुठंही चढला नाही. धम्मदीपला मात्र अंगावर कुणीतरी ती शाल पुन्हा घातल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि ती कुठं लपवावी ते कळेना, कारण हॉलमध्ये जागाच नव्हती. मुंग्या मात्र रीतसर रांगेनं चालल्या होत्या.

सकाळी त्यानं पप्पू टेम्पोवाल्याला बोलावलं. पप्पूनं ढेपांकडे एकदा बघितलं, खुटबाव म्हटल्यावर एकदा आभाळाकडे बघितलं आणि भाडं सांगितलं. सरळ, डोळ्यात डोळे घालून, बिडी न विझवता. जाऊन येऊन एवढे, थांबायचे वेगळे, निम्मे आत्ता. धम्मदीप त्याच्याकडे बघतच राहिला. हा माणूस कुठं शिकला हे? भाडं करुणानं पर्समधून काढून दिलं आणि बसला गेली.

न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंतचा सगळा रस्ता धम्मदीप तो आकडा मनात घोळवत होता. गुऱ्हाळावर बापूसाहेब खाटेवरच होते. टेम्पोतल्या ढेपा बघून त्यांचा चेहरा उतरला. गूळ खराब निघाला का, असं त्यांनी अगदी काळजीनं विचारलं. गडी रसाचा पेला घेऊन आला. धम्मदीपनं तो घेतला नाही. तोंड रिकामं राहायला हवं होतं.

“बापूसाहेब, गूळ चांगला आहे. पण वेबसाइटचे मी पंचवीस हजार घेतो.”

चुलवाणावर काहील रटरटत होती. बापूसाहेब खाटेवर सावरून बसले.

“मग तवाच का न्हाई सांगितलं? मी तीनदा इचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणलात, मनाला येईल ते. माझ्या मनाला आलं ते मी दिलं. भर सभेत शाल घातली. पोटच्या पोराला कवा घातली न्हाई.”

यात खोटं काही नव्हतं. धम्मदीपला त्याचंच जास्त वाईट वाटलं. समोरचा माणूस लबाड असता तर मन हलकं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की ते सगळं खरं आहे, पण दर पंचवीस हजार आहे.

बापूसाहेब विचारात पडले. आता पैसे दिले तर अडचण होती, कारण सभेत माइकवर विनामूल्य म्हणून सांगून झालं होतं. गावापुढं ते खोटे पडले असते आणि गुरुजीही पडले असते. आणि मग त्यांच्या मनात दुसरंच काही आलं आणि ते खरोखर हळहळले.

“पंचवीस हजार सोडले व्हय तुम्ही? मग शाल लई हलकी घातली आमी. आधी कळतं तर फेटा बांधला असता.”

धम्मदीप टेम्पोकडे वळला आणि पप्पूबरोबर ढेपा उतरवायला लागला. थांबायचे पैसे वेगळे असल्यानं पप्पू सावकाश उतरवत होता. बापूसाहेब उठून मागं आले. निदान एक ढेप तरी आईसाहेबांना न्या, दारातनं रिकामं जाऊ नये, असं ते म्हणत राहिले. धम्मदीपनं शेवटची ढेप गुऱ्हाळाच्या दारात ठेवली.

“आई घेत नाही. आजोबांपासून आमच्यात घेत नाहीत.”

बापूसाहेब एकदम थांबले. दारातल्या ढेपेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“म्हाळूचं का तुम्ही?”

तो हो म्हणाला. बापूसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. टेम्पो वळत असताना ते म्हणाले, की पाठवतो. आपल्या भागात या शब्दाला तारीख नसते. तो त्यांनी मनापासून म्हटला होता, असं धम्मदीपला वाटलं. पण मनापासून म्हटलं म्हणून त्याला तारीख फुटत नाही.

घरी पार्वतीबाईंनी हॉल फिनेलनं पुसून काढला होता. त्यांनी मुलाला बसू दिलं, पाणी दिलं, मग विचारलं, “काय म्हणलास?”

“पंचवीस हजार.”

“दिलं?”

“नाही.”

“पन म्हणलास?”

“म्हणालो.”

त्या उठून चहा ठेवायला गेल्या. आतून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. धम्मदीप एकटाच हॉलमध्ये बसून होता. एक चुकार मुंगी फरशीवर गूळ शोधत फिरत होती, तिला त्यानं काही केलं नाही.

दिवाळी आली, गेली. खुटबावहून काही आलं नाही. करुणानं ठेकेदाराला दिलेला शब्द परत घेतला नाही, आणि घ्यावा असं धम्मदीपही म्हणाला नाही. सोमवारी दोघं अंधारातच कंपनीच्या बसला उभे राहिले. लॅपटॉप घरी कपाटावर, त्या शालीत गुंडाळून ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून शाल बरी पडते. बसमध्ये त्याला करुणाच्या शेजारची जागा मिळाली. मागच्या सीटवरचा सुपरवायझर पुढं वाकला आणि फार आपुलकीनं म्हणाला, की तुम्हीच ना ते वेबसाइटवाले, फोटो बघितला होता. त्याच्या साडूनं हायवेला हॉटेल टाकलं होतं. एक छोटीशी करून द्यायची, घरचंच समजा. मग त्यानं विचारलं, “काय घ्याल?”

धम्मदीपच्या कानाच्या पाळ्या तापल्या. करुणा खिडकीबाहेर बघत होती, बाहेर काही दिसत नव्हतं तरी.

“पंचवीस हजार. निम्मे आधी.”

सुपरवायझर मागं टेकला. रांजणगावला गेटवर सगळे उतरले, तेव्हा तो मागून येऊन समजावणीच्या सुरात म्हणाला, “जरा जास्त हाय हो.”

“हो,” धम्मदीप म्हणाला, “जास्त आहे,” आणि कार्ड पंच करायला रांगेत उभा राहिला.